कासवावरचे जग आणि त्याचे वाचक

देवळात शिरताना गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेले दगडी कासव आपण सर्वांनी पाहिले आहे. घंटा वाजवायची, कासवाला हात लावून नमस्कार करायचा, मग पुढे जायचे. कासवाच्या पाठीवर पृथ्वीचा भार आहे आणि आठ दिशांचे आठ हत्ती तिला सावरून धरतात, अशी कल्पना आपल्या पुराणांतून चालत आली आहे. तशाच एका कल्पनेवर इंग्लंडातल्या एका लेखकाने एक नव्हे, दोन नव्हे, तर चांगल्या एकेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या, असे सांगितले तर आपल्याला नवल वाटेल.

त्या लेखकाचे नाव टेरी प्रॅचेट. जन्म १९४८ चा, मृत्यू २०१५ चा. मालिकेचे नाव 'डिस्कवर्ल्ड'. हे जग परातीसारखे सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर टेकलेले, हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर उभे, आणि कासव अवकाशात संथपणे पोहत चाललेले. आपल्याकडे अष्टदिग्गज, प्रॅचेटने चारांवर भागवले, इतकाच फरक! या जगात जादूगार आहेत, चेटकिणी आहेत, बुटके आणि राक्षस आहेत. पण भांडणे, लाचलुचपत, गरिबी आणि माणुसकी मात्र आपल्याच जगातली आहे.

आज मी त्या गोष्टी सांगणार नाही. त्या वाचणाऱ्या लोकांना काय वाटले, ते सांगणार आहे. राजांच्या बखरी सापडतात, रयतेची बखर सापडत नाही. पुस्तकांचेही तसेच आहे. लेखक आणि टीकाकार यांचे इतिहास लिहिले जातात. वाचक बिचारा कोठे नोंदलाच जात नाही. या मालिकेच्या बाबतीत मात्र वाचकांच्या मताचा बत्तीस वर्षांचा माग काढता येतो.

पहिले पुस्तक 'द कलर ऑफ मॅजिक' १९८३ साली निघाले. प्रकाशक लहान, प्रती थोड्या. लेखक त्या वेळी सरकारी वीजमंडळात वृत्तपत्रांना माहिती देण्याची नोकरी करीत होता. पुढे स्वस्त आवृत्ती निघाली, आणि बीबीसीच्या 'वुमन्स अवर' या नभोवाणी कार्यक्रमात कादंबरी क्रमशः ऐकवली गेली. दुपारी घरकाम करता करता ऐकणाऱ्या बायकांपर्यंत कासवावरचे जग पोहोचले ते असे. १९८७ साली प्रॅचेटने नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लेखन धरले. १९९० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपणारा लेखक तोच होता.

आता गंमत अशी की, ज्या पुस्तकाने मालिका सुरू झाली, ते पहिले वाचू नका, असे या मालिकेचे जुने वाचकच नवख्याला बजावतात! पहिल्या पुस्तकांत तलवारी आणि जादू यांच्या ठरीव कथांची नुसती थट्टा आहे, असे त्यांचे मत. मग सुरुवात कोठून करायची? यावर एकमत नाही. कोणी म्हणतो, मृत्यूच्या शिकाऊ चाकराची 'मॉर्ट' घ्या. कोणी म्हणतो, शहराच्या पहारेकऱ्यांची 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!' घ्या. तिसरा 'स्मॉल गॉड्‌स'चे नाव पुढे करतो. त्यात एका थोर देवाचे भक्त नावापुरते उरल्यामुळे तो साधे कासव होऊन बसतो. गावच्या पारावर चांगल्या बैलाची पारख करताना जसा वाद रंगतो, तसाच हा वाद. पण एका गोष्टीवर बहुतेकांचे एकमत आहे. ते म्हणतात, आधी आम्ही हसायला आलो, आणि मग विचार करायला थांबलो.

याचे एक उदाहरण सांगतो. 'मेन ॲट आर्म्स' ही कादंबरी १९९३ ची. तिच्यातला पहारेकऱ्यांचा कप्तान व्हाइम्स हिशेब मांडतो. श्रीमंत माणूस पन्नास डॉलरचे बूट घेतो, ते दहा वर्षे टिकतात. गरिबाला दहा डॉलरचेच परवडतात आणि ते एकदोन मोसमांत फाटतात. म्हणजे दहा वर्षांत गरिबाचे शंभर डॉलर जातात, आणि एवढे करून पाय ओलेच! शेतकरी बंधूंनो, हा हिशेब तुम्हाला कोणी शिकवायला नको. पैसा हाताशी नाही म्हणून हलके बियाणे घ्यावे लागते, हलके अवजार घ्यावे लागते, आणि शेवटी तेच महाग पडते. विनोदी कादंबरीतला हा परिच्छेद वाचकांनी असा उचलून धरला की, २०२२ साली ब्रिटनमध्ये जॅक मन्रो यांनी गरिबांच्या खाण्यापिण्याच्या वस्तूंची भाववाढ मोजण्याचा उपक्रम जाहीर केला, तेव्हा त्याला या कप्तानाच्या बुटांचेच नाव दिले.

दुसरे उदाहरण मृत्यूचे. या मालिकेतला मृत्यू आपल्या यमासारखा रेड्यावर नव्हे, पांढऱ्या घोड्यावरून येतो. तो हाडांचा सापळा आहे. पण सभ्य आहे, मांजरांवर माया करतो, आणि माणसे अशी का वागतात याचे त्याला कोडे पडते. प्रॅचेटला मरणाच्या दारात असलेल्या वाचकांची पत्रे येत. आपल्याला न्यायला येणारा असाच असावा, अशी आशा त्यांत असे. वाचकाचे याहून मोठे मत कोणते असू शकते?

मग टीकाकार काय म्हणत होते? विनोदाला पान वाढले जाते ते नेहमी दुसऱ्या पंगतीत. त्यात पुन्हा जादूच्या कथा, भडक मुखपृष्ठे आणि प्रचंड खप! ए. एस. बायट यांच्यासारख्या बुकर पारितोषिक मिळवलेल्या लेखिकेने प्रॅचेटची उघड वाखाणणी केली. परंतु अनेक जाणकारांनी त्याला करमणुकीच्या कप्प्यात टाकून दिले. २००३ साली बीबीसीने लोकांच्या आवडत्या कादंबऱ्यांसाठी कौल घेतला. पहिल्या शंभरांत प्रॅचेटची पाच पुस्तके आली. त्यांतली चार या मालिकेतली, आणि पाचवे नील गेमन यांच्याबरोबर लिहिलेले. डिकन्सचीही पाचच होती!

पण खरा खटका उडाला तो लेखक गेल्यावर. ऑगस्ट २०१५ मध्ये 'द गार्डियन' दैनिकात एका कलासमीक्षकाने लिहिले की, प्रॅचेट काही थोर साहित्यिक नव्हे. आणि त्याच लेखात कबूल केले की, आपण त्याचे एकही पुस्तक वाचलेले नाही! वाचक खवळले. तेव्हा त्या गृहस्थाने 'स्मॉल गॉड्‌स' वाचली आणि पुन्हा लेख लिहिला. मत थोडे मवाळ झाले. तरी ही कला नव्हे, करमणूक आहे, हा हेका कायम राहिला. मला विचाराल तर वाचून दिलेल्या प्रतिकूल मताचाही मान राखला पाहिजे. राग आला तो न वाचता दिलेल्या निकालाचा.

त्या समीक्षकाला हसण्याचा अधिकार मात्र मला नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या तासाला मागच्या बाकावर एक विद्यार्थी मांडीवर पुस्तक ठेवून हसत होता. मी ते काढून घेतले. मुखपृष्ठावर जादूगार नि ड्रॅगन. "बीएच्या वर्गात ही पोरखेळाची पुस्तके?" असे सर्वांसमोर बोललो. तास संपल्यावर तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, ठेवा तुमच्याकडे. पण वाचून द्या." वाचून द्यायला मला तीन दिवस लागले, चूक झाली असे त्याला सांगायला तीन महिने.

आता या इतिहासातले अवघड पान. डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेटने स्वतःच जाहीर केले की, आपल्याला स्मृती आणि बुद्धी पोखरणारा अल्झायमरचा दुर्मिळ प्रकार जडला आहे. पुढे टंकलेखन जमेना. तो तोंडाने सांगे, मदतनीस वा यंत्र उतरून घेई. पुस्तके निघतच राहिली. आणि वाचकांपुढे पेच उभा राहिला. शेवटच्या पुस्तकांत पात्रे लांब भाषणे करतात, वीण सैल झाली आहे, असे अनेकांना जाणवले. हे बोलावे की बोलू नये? काहींनी प्रेमापोटी तोंड बंद ठेवले. काहींनी स्पष्ट सांगितले, पण सांगताना आवाज खाली आणला. घरातला म्हातारा गवई गाताना सूर चुकला तर आपण काय करतो? सूर चुकला हे कानाला कळतेच. तरी मैफिलीतून उठून जात नाही. शेवटचे पुस्तक 'द शेफर्ड्‌स क्राउन' लेखकाच्या निधनानंतर २०१५ मध्येच आले. त्यावर आणखी हात फिरवायचा राहून गेला होता, हे पुस्तकाच्या शेवटी प्रांजळपणे सांगितले आहे. काही वाचकांनी ते मुद्दामच उघडले नाही. एक तरी पुस्तक वाचायचे शिल्लक राहू दे, एवढाच हेतू.

अपुरे लेखन दुसऱ्या कोणी पुरे करू नये, ही लेखकाची इच्छा होती. तिला मान देऊन ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच्या संगणकातली साठवणीची तबकडी वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. काही वाचक हळहळले. पण शब्द पाळला गेला.

'गोइंग पोस्टल' या कादंबरीत मनोऱ्यामनोऱ्यांवरून संदेश पाठवण्याची तारयंत्रासारखी सोय आहे. कामावर मेलेल्या माणसाचे नाव ते मनोरे एकमेकांना अखंड कळवत राहतात, म्हणजे तो माणूस पुरता जात नाही. प्रॅचेट गेल्यावर संगणकाचे काम जाणणाऱ्या वाचकांनी त्याचे नाव आपापल्या यंत्रांच्या दळणवळणात असेच फिरते ठेवले. आपण पितृपक्षात वाडवडिलांची नावे घेऊन पाणी सोडतो, त्याहून हे फार वेगळे नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पेंग्विन या प्रकाशनसंस्थेने या मालिकेतली 'नाइट वॉच' ही कादंबरी आपल्या आधुनिक अभिजात ग्रंथांच्या मालेत घेतली. वाचकांनी ती बीबीसीच्या कौलात निवडली होती २००३ मध्ये. पंचांना पोहोचायला बावीस वर्षे लागली.

शिक्षक बंधुभगिनींनो, प्रॅचेट सांगत असे की, तो सहा वर्षांचा असताना त्याच्या मुख्याध्यापकांना हा मुलगा पुढे काही करील असे वाटत नव्हते. तो घडला तो गावच्या सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा पुढच्या वेळी मागच्या बाकावरचा एखादा पोरगा पुस्तकात तोंड खुपसून हसताना दिसला, तर पुस्तक जप्त करण्याआधी त्याला एवढेच विचारा, "काय रे, कशाला हसलास?" आणि तो सांगेल ते ऐकून घ्या.