हातभट्टीचे सामान

नागपूरच्या वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी वर्षानुवर्षे जवळपास त्याच शब्दांत येते. नाल्याकाठी धाड, मोहफुलांचा सडवा नष्ट, लोखंडी ड्रम, जर्मनची भांडी आणि नळी जप्त. मी ही बातमी वाचतो ती जप्तीच्या यादीसाठी. विदर्भातल्या दारूचा इतिहास शोधताना मला कागदपत्रांइतकीच ही यादी उपयोगी पडली, कारण तीत स्वयंपाकघरात न सापडणारी वस्तू क्वचितच असते.

मोहाची दारू काढायला लागते तरी काय? सडवा घालायला एक मडके. चार-पाच दिवसांत, थंडीत त्याहून उशिरा, फुले आंबतात. मग चुलीवर हंडी, तिच्यावर बुडाला भोके पाडलेले दुसरे मडके, त्यात एक वाडगा आणि तोंडावर गार पाण्याचे भांडे. सांधे ओल्या मातीने लिंपायचे. वाफ वरच्या गार बुडाला लागून थेंबाथेंबाने वाडग्यात उतरते. दुसऱ्या पद्धतीत बांबूची नळी वाफेला पाण्यात ठेवलेल्या घड्याकडे नेते. वरचे पाणी तापले की बदलायचे, एवढीच काय ती दक्षता.

सामान इतके थोडे असण्याचे श्रेय फुलाला आहे. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. धान्यात असते पिष्ट. बार्लीची बिअर करायची तर दाणे भिजवून मोड आणा, वाळवा, भरडा, साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर धरा, चोथा गाळा, रस उकळा. प्रत्येक पायरीला वेगळे भांडे. आपल्याकडे तांदळाची सुरा होती, पण तिथे हे काम 'किण्व' करी. कौटिल्याने मेदकाचे प्रमाणच दिले आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. सुरेवर राज्याचा ताबा ठेवणाऱ्या याच ग्रंथात कुटुंबांना कार्यप्रसंगी घरी श्वेतसुरा करण्याची मुभाही आहे. पुढच्या राज्यकर्त्यांना एवढी उदारता परवडली नाही.

इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात आधी लिलाव आला. बोली जिंकणाऱ्याने ठरल्या जागी भट्टी लावावी व विकावे. बोलीला पैसा लागे, त्यामुळे धंदा कलार व इतर ठेकेदारांच्या हाती गेला आणि सणाला घरची दारू काढणारा गोंड गुन्हेगार ठरला. नंतर दारू सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत गाळून गॅलनमागे कर घेण्याकडे कल झाला. घराघरांतली हंडी मात्र मोजता येईना. मुंबई इलाख्याने यावर वेगळा तोडगा काढला. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलावरच बंधने आली. भांडे पकडता येत नाही तर फूल पकडा! मध्य प्रांतात हे जड गेले असते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत ज्यांच्या घरी धान्य उरले नव्हते, त्यांच्या पोटाला याच फुलांचा आधार होता.

विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे इकडेही लागू झाला. त्याचे कलम ६५ (फ) मला या सगळ्या इतिहासाचे सार वाटते. मादक पदार्थ बनवण्याच्या हेतूने साहित्य, भांडे वा उपकरण जवळ बाळगणे हा गुन्हा. म्हणजे दुपारी भात शिजवणारी हंडी संध्याकाळी उपकरण होते, आणि दोन्ही वेळा ती सारखीच दिसते. हेतू सिद्ध करायचा तर सडव्याचा वास लागतो. म्हणून धाड नेहमी सडव्यावर पडते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या आंदोलनातून, आणि तीत नवऱ्याच्या पिण्याने गांजलेल्या बायका पुढे होत्या. मोहाला संस्कृती म्हणून गौरवणाऱ्या आम्हा शहरी अभ्यासकांनी त्यांना वगळून लिहू नये.

२०२१ मध्ये राज्याने मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. फूल आता बाजारात उजळ माथ्याने जाते. हंडी अजून ६५ (फ) खाली आहे.