महीनचे घोडे

'गँगस्टर' या २००६ सालच्या चित्रपटातले 'भीगी भीगी' हे गाणे आठवते ना? त्या वर्षी रिक्षापासून मांडवापर्यंत सगळीकडे तेच वाजत होते. संगीतकार प्रीतम, गायक बांगलादेशचे जेम्स. पण ती चाल मूळची बंगाली, आणि ते मूळ गाणे प्रेमाचे नाहीच मुळी! जग लहान होत होत टीव्हीच्या खोक्यात मावले आणि माणसे मात्र एकमेकांना दुरावली, असे काहीसे त्यात आहे. ते गाणे गौतम चट्टोपाध्याय यांचे. आज त्यांच्याविषयी.

गौतमबाबू साधारण आमच्याच पिढीचे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकताना ते नक्षलवादी चळवळीत ओढले गेले. त्या काळी बंगालमधली किती हुशार मुले त्या वावटळीत सापडली! काही परतलीच नाहीत. गौतमबाबू तुरुंगातून सुटले, पण बंगालबाहेर राहावे लागले. जबलपूर, भोपाळ भागात त्यांनी औषध कंपनीचे प्रतिनिधी म्हणून काम केले.

कोलकात्यात परतल्यावर १९७५ च्या सुमारास त्यांनी भाऊ आणि मित्र मिळून सात जणांचा वाद्यवृंद उभा केला. नाव ठेवले 'महीनेर घोडागुली', म्हणजे महीनचे घोडे. हे शब्द जीवनानंद दास यांच्या कवितेतले. बाउलांची लोकगीते आणि पाश्चात्त्य रॉक संगीत यांचा मेळ त्यांनी घातला, आणि विषय घेतले रोजच्या शहरी जगण्यातले. रवींद्रसंगीत आणि सिनेमाची गोड गाणी यांवर वाढलेल्या श्रोत्यांना हे काय चालले आहे, तेच कळेना. १९७७ ते १९७९ या काळात तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या. पहिलीचे नावच पाहा, 'संविग्न पाखिकुल ओ कोलकाता विषयक'! खप जेमतेम. १९८१ च्या सुमारास वृंद विखुरला आणि जो तो पोटापाण्याला लागला.

गौतमबाबू चित्रपटांकडे वळले. होड्यांवर राहणाऱ्या गारुडी समाजावरच्या त्यांच्या 'नागमती'ला सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गाणी मात्र विस्मरणात गेल्यासारखीच होती.

मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो यानंतरचा भाग. १९९५ साली 'आबार बछर कुडी परे', म्हणजे 'पुन्हा वीस वर्षांनी', ही कॅसेट आली. आपली जुनी गाणी पुन्हा गाऊन 'पाहा, आम्हीच पहिले' असे म्हणणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. जुन्या गाण्यांच्या शेजारी नव्या, अनोळखी मुलांची गाणी बसवली आणि स्वतःकडे घेतली ती संपादकाची भूमिका! पुढच्या काही वर्षांत अशाच आणखी तीन कॅसेट निघाल्या. वर्गात फळ्याजवळून बाजूला होऊन खडू मुलाच्या हाती देणे किती अवघड असते, हे शिक्षकच जाणे.

२० जून १९९९ रोजी गौतमबाबू अचानक गेले. पन्नाशीही धड उलटली नव्हती. 'भीगी भीगी' त्यांनी ऐकलेच नाही. तोवर बंगालमध्ये 'बांगला बँड' ही मोठी लाट झाली होती, आणि त्यांतले बहुतेक जण या घोड्यांचे ऋण मान्य करतात. २०२३ साली सातांपैकी तापस दास कर्करोगाने आजारी होते, तेव्हा त्यांच्या उपचारांसाठी तरुण गायकवादक धावून आले. त्यांतल्या अनेकांचा जन्मही १९७७ साली झालेला नव्हता.

क्रांती झाली नाही, ध्वनिमुद्रिका खपल्या नाहीत. हिशेबाच्या वहीत शून्य! पण माणसाची शिल्लक त्याच वहीत मांडावी असे कुठे आहे? पुढच्याला वाट करून दिली की तो चालतो, आणि आपणही थोडे त्याच्याबरोबर चालत राहतो.

असो. मूळ बंगाली गाणे मिळाले तर जरूर ऐका. शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल.