उत्तरदायित्व आणि स्थैर्य : संसदीय व अध्यक्षीय शासनपद्धतींचा अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात तौलनिक विचार

प्रस्तावना :
संसदीय पद्धतीत कार्यकारी मंडळ कायदेमंडळातून निर्माण होते व त्याच्या विश्वासावरच टिकते. अध्यक्षीय पद्धतीत कार्यकारी प्रमुख स्वतंत्र जनादेशाने येतो व ठरावीक मुदत पूर्ण करतो. या दोहोंची तुलना बहुधा इंग्लंड व अमेरिका यांच्या आधारे केली जाते. तथापि, प्रमुखाची निवड व पदच्युती या मर्यादित अर्थाने दोन्ही तत्त्वांचा अनुभव महाराष्ट्रातील मतदारांनी आपल्या गावातच घेतला आहे. प्रस्तुत लेखात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

संविधान सभेतील निवड :
४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा संविधान मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तुलनेचे दोन निकष सांगितले : स्थैर्य व उत्तरदायित्व. दोन्ही एकाच वेळी पूर्णांशाने साधत नाहीत. अध्यक्षीय पद्धतीत जबाबदारीचे मूल्यमापन नियतकालिक असते. संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव व अविश्वास प्रस्ताव यांद्वारे ते दैनंदिनही होते. म्हणून मसुद्याने उत्तरदायित्वाला अग्रक्रम दिला. प्रा. के. टी. शहा यांचा अध्यक्षीय पद्धतीकडे झुकणारा आग्रह सभेने स्वीकारला नाही. भारतीय सार्वजनिक जीवन दीर्घकाळ ब्रिटिश घटनात्मक परंपरेत घडले आहे, हा कन्हैयालाल मुनशी यांचा युक्तिवाद होता. या परंपरेशी नगरचा थेट संबंध होता. नगरचे कुंदनमल फिरोदिया १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. पुढे १९८० च्या दशकात वसंत साठे यांनी अध्यक्षीय पद्धतीचा पुरस्कार केला. परंतु केंद्र व राज्य पातळीवर मूळ चौकट कायम राहिली.

स्थानिक पातळीवरील प्रयोग :
बदल झाला तो गावपातळीवर. पूर्वी ग्रामपंचायत सदस्य आपल्यातूनच सरपंच निवडत. सदस्यांची फोडाफोडी, त्यांना सहलीवर नेणे आणि वारंवार येणारे अविश्वास ठराव हे या पद्धतीचे सर्वपरिचित दोष होत. २०१७ मध्ये सरपंचाची थेट जनतेतून निवड सुरू झाली, २०२० मध्ये ती रद्द झाली व २०२२ मध्ये पुन्हा आली. एवढ्या अल्पकाळात दोनदा उलटलेला हा निर्णय तत्त्वचिंतनापेक्षा सत्तांतराशी अधिक निगडित होता, हे उघड आहे.

अप्रत्यक्ष निवडीची मर्यादा अहमदनगर महानगरपालिकेच्या डिसेंबर २०१८ मधील निवडणुकीत स्पष्ट झाली. ६८ जागांपैकी शिवसेनेस २४, राष्ट्रवादी काँग्रेसला १८ व भारतीय जनता पक्षास १४ जागा मिळाल्या. तरी राष्ट्रवादीच्या नगरसेवकांच्या पाठिंब्याने महापौरपद भाजपकडे गेले. महापालिकेचे कार्यकारी अधिकार मुख्यत्वे आयुक्तांकडे असतात हे खरे. परंतु मतदाराचा कौल व पदाधिकाऱ्याची निवड यांतील अंतर येथे ठळकपणे दिसते.

थेट निवडीने हे अंतर मिटते, पण दुसरा पेच उद्भवतो. सरपंच एका पॅनेलचा व बहुमत दुसऱ्या पॅनेलचे असल्यास दोघेही जनादेशाचाच दाखला देतात आणि कामे अडतात. त्याच डिसेंबरात अमेरिकेत अध्यक्ष व काँग्रेस यांच्यातील निधीच्या वादामुळे संघशासनाचे कामकाज ३५ दिवस अंशतः ठप्प झाले. पेचाचे स्वरूप दोन्हीकडे सारखेच आहे.

ग्रामसभेचे स्थान :
थेट सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षे अविश्वास ठराव आणता येत नाही. त्यानंतर तो तीन-चतुर्थांश सदस्यांनी संमत करावा लागतो व त्यास ग्रामसभेची मान्यता लागते. म्हणजे सदस्यांचा अंकुश सैल झाला. त्याची भरपाई ग्रामसभेकडून अपेक्षित आहे. ग्रामसभा केवळ कागदोपत्री भरत असेल, तर ही भरपाई होत नाही. याउलट, नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पीकपद्धती ठरवली जाते. तेथे दैनंदिन उत्तरदायित्वाचे स्थान पंचायतीच्या बैठकीत नसून ग्रामसभेत आहे.

निष्कर्ष :
संसदीय की अध्यक्षीय, हा प्रश्न केवळ प्रमुख कोणी निवडावा एवढ्यापुरता नाही. निवडून आलेल्या व्यक्तीस दोन निवडणुकांच्या दरम्यान कोण व कोठे जाब विचारणार, हा त्याचा गाभा आहे. थेट निवडीचे स्थैर्य स्वीकारताना ग्रामसभा सक्षम केली नाही, तर आंबेडकरांनी सांगितलेल्या दोन निकषांपैकी अधिक मोलाचा निकष गावाच्या पातळीवरच गमावला जाईल.