घानाचे सर्वोच्च न्यायालय : एका प्रतिज्ञेची कथा

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत 1957 साली घाना या नावाने स्वतंत्र झाली आणि 1 जुलै 1960 रोजी प्रजासत्ताक बनली. नव्या राज्यघटनेत मूलभूत हक्कांचे स्वतंत्र प्रकरण नव्हते. त्याऐवजी तेराव्या कलमान्वये राष्ट्राध्यक्षाने अधिकारग्रहणाच्या वेळी एक गंभीर प्रतिज्ञा करावयाची होती. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी आवश्यक ती बंधने वगळता कोणाचेही भाषणस्वातंत्र्य, संचारस्वातंत्र्य वा न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार हिरावला जाऊ नये, असा तिचा आशय. प्रतिज्ञा मोडली गेली, तर नागरिकाने कोणाचे दार ठोठवावे? घटना याविषयी मूक होती.

हा प्रश्न बाफूर ओसेई आकोटो यांच्यामुळे न्यायालयापुढे आला. असांती राजाचे शब्द दरबारात मांडणारे ते प्रमुख प्रवक्ते आणि सरकारविरोधी पक्षाचे एक पुढारी. 1958 च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याने सरकारला कोणाही नागरिकास खटल्यावाचून पाच वर्षांपर्यंत डांबून ठेवता येत असे. त्याखाली 1959 साली आकोटो व त्यांचे सात सहकारी पकडले गेले. त्यांची बाजू जे. बी. डांक्वा या नामवंत वकिलांनी मांडली. हे डांक्वा म्हणजे 1960 च्या निवडणुकीतील अध्यक्ष एन्क्रुमा यांचे प्रतिस्पर्धी!

ऑगस्ट 1961 मध्ये सरन्यायाधीश सर आर्कू कोर्साह यांच्या न्यायपीठाने अपील फेटाळले. अध्यक्षांची प्रतिज्ञा इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेक-शपथेसारखी आहे. तिने नैतिक बंधन पडते, परंतु न्यायालयाला ते अंमलात आणता येत नाही. लोकांचा उपाय मतपेटीत आहे, असा निर्णय झाला. कायद्याच्या अक्षराला धरून हा युक्तिवाद अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु मतपेटीच्या भरवशावर तुरुंगातील माणसाने किती वर्षे काढावीत? (1976 साली आणीबाणीत आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही स्थानबद्धांना दार बंद केले होते, तेव्हा घानाला नावे ठेवताना आपण जपूनच बोलावे.) ऑक्टोबरमध्ये स्वतः डांक्वाही स्थानबद्ध झाले. पुढे सुटले, पुन्हा पकडले गेले आणि फेब्रुवारी 1965 मध्ये न्सावामच्या तुरुंगात वारले.

कोर्साह यांच्यावरही पाळी आली. 1962 साली कुलुंगुगू येथे एन्क्रुमांवर बाँब टाकण्यात आला. त्या कटाच्या पाच आरोपींपैकी तिघांना, त्यांत दोन माजी मंत्री होते, कोर्साह यांच्या अध्यक्षतेखालील विशेष न्यायालयाने 9 डिसेंबर 1963 रोजी पुराव्याअभावी निर्दोष सोडले. दोनच दिवसांनी कोर्साह सरन्यायाधीशपदावरून दूर झाले. घटनेनेच अध्यक्षांना तो अधिकार दिला होता. त्यासाठी कारणही द्यावे लागत नव्हते. लागलीच कायदा करून तो निकाल रद्द करण्यात आला व खटला पुन्हा चालवून तिघांना दोषी ठरविले गेले. जानेवारी 1964 च्या लोकमताने वरिष्ठ न्यायालयांचे सारेच न्यायाधीश अध्यक्षांच्या मर्जीवर आले. अशा वेळी मतपेटीचा उपाय तरी कोठे राहिला? त्याच लोकमताने देशात एकच पक्ष उरला होता.

1966 साली लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केले. 1970 मध्ये सल्लाह नावाच्या बडतर्फ कर्मचाऱ्याच्या बाजूने न्यायाधीशांनी निकाल दिला, तेव्हा पंतप्रधान बुसिया यांनी नभोवाणीवरून त्याला उघड विरोध केला. जून 1982 मध्ये उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांना रात्री घरांतून नेऊन ठार मारण्यात आले.

1992 च्या घटनेने जुनी उणीव भरून काढली. हक्क न्यायालयांमार्फत अंमलात आणता येतील असे तीत स्पष्ट लिहिले आहे, आणि घटनाभंगाविरुद्ध कोणाही व्यक्तीला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. सरन्यायाधीशास आता मर्जीने काढता येत नाही. तक्रारीची चौकशी समितीमार्फत व्हावी लागते. सप्टेंबर 2025 मध्ये गर्ट्रूड टॉर्कोर्नू यांना याच मार्गाने पदावरून दूर केले गेले, आणि ती चौकशी रास्त होती की नाही, यावर घानात तीव्र मतभेद झाले.