पेनिसिलिनची स्वस्ताई

कल्याणहून पुण्याकडे निघालेली गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही आपली स्थानके मागे टाकीत कर्जतला जाते आणि तेथून घाट चढून पिंपरीला पोहोचते. या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना १९४७ नंतर एकच दृश्य दिसत होते. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली लाखाच्या आसपास माणसे बराकींतून दिवस काढीत होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. पिंपरीसही निर्वासितांची अशीच वसाहत उठली. अशा दाटीत जखम चिघळली, मुलाच्या छातीत कफ भरला किंवा खोकणारा माणूस त्याच खोलीत निजला, तर पुढे काय होते हे आपल्या शहरातील वडीलधाऱ्या मंडळींना सांगावयास नको.

त्याच पिंपरीत मार्च १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढल्या वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी यंत्रे आणि तज्ज्ञ पुरविले. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिबसिंग सोखी यांचा या कामी मोठा आग्रह होता. त्यामागचा विचार साधा होता: जीव वाचविणारे औषध परदेशी व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहू नये, ते येथेच व्हावे आणि गरिबाला परवडावे. हा विचार थोर होता, आणि औषध स्वस्त करण्यापुरता तो सफलही झाला. मात्र औषध कोणी, किती आणि किती दिवस घ्यावे, ही व्यवस्था त्या स्वस्ताईबरोबर वाढली नाही. आजच्या संकटाचे मूळ मला येथे दिसते.

हा धोका कोणाच्या ध्यानी आला नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. १९४० साली, म्हणजे पेनिसिलिन बाजारात येण्यापूर्वीच, ऑक्सफर्डच्या एब्रहॅम आणि चेन यांनी पेनिसिलिनचा नाश करणारा पदार्थ जंतूंच्याच अंगी शोधून काढला होता. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंगने बजावले की, अपुरी मात्रा घेणारा माणूस जंतूंना मारीत नाही, त्यांना तालीम देतो. लंडनच्या एका रुग्णालयात मेरी बार्बर यांनी पू करणाऱ्या जंतूंची मोजदाद केली. पेनिसिलिनला दाद न देणारे जंतू १९४६ मध्ये शेकडा १४ होते, दुसऱ्याच वर्षी ते ३८ झाले.

तथापि सर्वांत बोलका दाखला क्षयाचा आहे. ब्रिटनमध्ये १९४७ साली स्ट्रेप्टोमायसिनची पद्धतशीर परीक्षा झाली. ५५ रोग्यांना औषध दिले, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ दगावले, दुसऱ्यातील १४. केवढा आनंद झाला असेल! पण पाच वर्षांनी पाहिले तो पहिल्या गटातील ३२ आणि दुसऱ्यातील ३५ माणसे गेलेली होती. क्षयी फुप्फुसात जंतू कोट्यवधी असतात, त्यांत थोडे जन्मतःच औषधाला न जुमानणारे असतात. एकटे औषध बाकीच्यांना मारते आणि या थोड्यांना मोकळे रान देते. म्हणून क्षयावर दोन-तीन औषधे एकत्र आणि महिनोन् महिने देण्याची रीत पडली. पिंपरीत स्ट्रेप्टोमायसिन होऊ लागले ते १९६२ मध्ये. तोवर हा धडा जगाने गिरविला होता.

आपण तो किती गिरविला? १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील शंभरएक खासगी डॉक्टरांनी क्षयावर सुमारे ८० निरनिराळे उपचार सांगितले. धारावीत २०१० साली १०६ जणांना तोच प्रश्न विचारला, तेव्हा ६३ प्रकारची उत्तरे आली आणि बरोबर उत्तरे निघाली अवघी सहा. पुढल्याच वर्षाअखेर डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील असे चार रोगी जगापुढे मांडले की, ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. नावावरून सरकारने वाद घातला. रोग्यांना त्याचा काय उपयोग? मुंबईत रोज लोकलने जा-ये करणाऱ्या आपल्या शहरांना हा काही परक्या गावचा प्रश्न नव्हे. दोष डॉक्टरांचाच, असेही मी म्हणणार नाही. माझ्या स्वतःच्या घरच्या औषधांच्या डब्यात अर्धवट सोडलेल्या गोळ्यांची पाकिटे मी मोजली, ती चार भरली. त्यांतली दोन सर्दीसाठी आणलेली! सर्दी बहुधा विषाणूंची असते, आणि विषाणूला ही औषधे शिवतही नाहीत.

अशा वेळी हळद, कडुनिंब, लसूण, मध यांची आठवण निघतेच. मधाने जखम भरण्यास मदत होते, हे आधुनिक वैद्यकासही मान्य आहे. काचपात्रात हळदीपुढे काही जंतू मरतात, हेही खरे. पण पोटात घेतलेली हळद रक्तात फारच थोडी उतरते. तिच्या भरवशावर क्षय किंवा न्यूमोनिया अंगावर काढणे म्हणजे रोग्याचा घात करणे होय. शिवाय निसर्ग काही स्वयंपाकघरापुरता नाही. पेनिसिलिन बुरशीचे, स्ट्रेप्टोमायसिन मातीतील जंतूचे. पिंपरीच्याच संशोधकांनी, थिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली, मातीतील एका जंतूपासून बुरशीजन्य रोगांवरचे हॅमायसिन काढले आणि त्या जंतूचे नाव शास्त्रीय लॅटिनमध्ये ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ असे ठेवले. आपल्या लोहमार्गावरील दुसऱ्या कोणत्या स्थानकाला असा मान मिळाला आहे?

औषधाला खरा पर्याय म्हणाल तर तो लस, स्वच्छ पाणी आणि मोकळी हवा हाच. कारण जो रोग झालाच नाही त्याला गोळी लागत नाही. उरला प्रश्न विक्रीचा. १ मार्च २०१४ पासून कित्येक प्रतिजैविके व क्षयाची औषधे ‘एच-१’ या परिशिष्टात घातली गेली. ती चिठ्ठीवाचून विकायची नाहीत, आणि रोग्याचे, डॉक्टरचे व औषधाचे नाव नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची, असा दुकानदारास नियम आहे. ती वही गल्ल्याखालून किती वेळा बाहेर निघते, हे आपणांपैकी प्रत्येकाने आपापल्या नाक्यावर पाहिलेच असेल.