डालड्याची वंशावळ

पुण्यातल्या थंडीत खोबरेलाची बाटली गोठते आणि तिच्याशेजारचं शेंगदाण्याचं तेल मात्र धारेने ओतता येतं. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. तेलाच्या लांब साखळ्यांपाशी तसली सोय नाही. त्यांच्यात आकर्षण असतं ते अगदी क्षीण, आणि तेही साखळ्या अंगाला अंग लावून बसल्या तरच कामी येतं. त्यामुळे घट्ट व्हायचं की पातळ राहायचं, हे बरंचसं आकारावर ठरतं. खोबरेलातल्या बहुतेक साखळ्या सरळ असल्याने नीट रचल्या जातात. शेंगतेलात ओलेइक आम्ल भरपूर, आणि त्याच्या अठरा कार्बनांच्या साखळीत मधोमध एक दुहेरी बंध असतो. तिथे साखळी वाकते, शेजारणीला टेकत नाही. म्हणून हे आम्ल सुमारे १३ अंशांनाच वितळतं. दुहेरी बंध नसलेलं, तितक्याच लांबीचं स्टिअरिक आम्ल मात्र ६९ अंशांपर्यंत घट्ट राहतं.

हा बाक काढता येतो, हे पहिल्यांदा दिसलं ते फ्रान्समध्ये. मार्सेलच्या पूते नावाच्या औषधविक्रेत्याने १८१९ मध्ये ऑलिव्ह तेलातली भेसळ ओळखायला पाऱ्याचं नायट्रेट वापरलं. शुद्ध तेल चक्क घट्ट झालं. पुढे त्यातून जे आम्ल वेगळं काढलं गेलं ते इलायडिक. ओलेइकमधलेच अणू, तितकेच, त्याच क्रमाने, पण वितळायला ४५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. फरक होता दुहेरी बंधाच्या दोन बाजूंच्या मांडणीचा; इलायडिकमध्ये साखळी सरळ राहते. रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफने १८७४ मध्ये रेणूंना लांबी-रुंदी-खोली दिली, तेव्हा कुठे त्याचा उलगडा होऊ लागला.

धंदा मात्र दुसऱ्या वाटेने आला. रसायनशास्त्रज्ञ सबातिएने निकेलच्या साहाय्याने वायुरूप पदार्थांच्या दुहेरी बंधांना हायड्रोजन जोडून दाखवला होता. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मानने तेच पातळ तेलावर केलं आणि १९०२ मध्ये पेटंट मागितलं. अमेरिकेत १९११ मध्ये असं घट्ट केलेलं तेल क्रिस्को नावाने आलं. आपल्याकडे लीव्हरच्या हिंदुस्तान वनस्पती कंपनीने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि १९३७ मध्ये त्याच जातीचा, ‘वनस्पती’ म्हणून ओळखला जाणारा डालडा बाजारात आणला.

खरी कारागिरी होती हायड्रोजन अर्धवट जोडण्यात. पुरता जोडला तर मेणबत्तीसारखा कडक गोळा. तो पोळीला कोण लावणार? अर्ध्यावर थांबलं की काही साखळ्या दुहेरी बंध गमावून सरळ होत, तर काही निकेलच्या पृष्ठभागावरून सुटताना बंध परत जोडून घेत, पण इलायडिकच्या सरळ घडणीत. हेच ट्रान्स मेद. डब्यात घट्ट राहणारा आणि कढईत पटकन वितळणारा पदार्थ मिळाला तो बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे.

साजूक तुपात हा पदार्थ इतका बेमालूम मिसळे की सरकारला तोड काढावी लागली: वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवलं की तिळाच्या तेलाचा अंश लालसर रंग दाखवतो आणि भेसळ उघडी पडते. चव आणि रवाळपणाने गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मालाला हा कायद्याने दिलेला डाग होता! मला तरी ही सरकारी युक्ती मूळ शोधाइतकीच हुशारीची वाटते.

१९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं की ट्रान्स मेद रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगलं उतरवतो. दुधातुपातही हा मेद थोडासा असतोच, पण वनस्पतीत तो कितीतरी जास्त असे. भारतात खाद्यतेल-चरबीतली त्याची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्क्यांवर आणि २०२२ पासून दोन टक्क्यांवर आली.

कारखान्यांना घट्टपणा तर हवाच होता. आता तो मुख्यतः पाम तेलातून येतो: तेल हळूहळू थंड करून त्याचा घट्ट होणारा भाग गाळून वेगळा काढतात. त्यात पामिटिक आम्लाच्या साखळ्या भरपूर, आणि त्या मुळातच सरळ, निकेलचा हात न लागलेल्या. त्याही वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात, पण चांगल्याला ट्रान्ससारखा धक्का देत नाहीत.