पडद्यावर न आलेलं नाव

साल १९५८. फोपनारहून बैलगाडीनं बऱ्हाणपूर गाठलंत, रात्रीची गाडी धरलीत. इगतपुरीला वाफेचं इंजिन सुटून विजेचं लागलं. आता बोरीबंदरवरून चालत धोबी तलावाला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या पटांगणात येऊन तुम्ही बसला आहात.

समोर ऑर्केस्ट्रा आहे. गावच्या भजनात सगळे एकाच चालीनं जातात. इथं व्हायोलिनं एक ओळ धरतात, चेलो खालून वेगळीच, आणि तरी कुठं खटकत नाही. वादकांपुढं स्टँडवर कागद, पाच-पाच रेघांवर शाईचे ठिपके. तिशीतला एक माणूस हात उचलतो आणि सगळे गज एकदम तारांवर टेकतात. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे आहेत. राग आपले, पण त्यांच्याखाली स्वरांचे असे थर तुम्ही कधी ऐकलेले नाहीत.

हे अँथनी गोन्साल्वीस. गोव्यातल्या माजोर्ड्याचे, जन्म १९२७चा. वडील चर्चचा गायकवृंद सांभाळायचे. अँथनी मुंबईत आले, नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले आणि पुढं अरेंजर झाले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. त्या काळी संगीतकार चाल बांधायचा. कुठलं वाद्य कुठं शिरेल, कुठं थांबेल, हे कागदावर उतरवायचं काम बहुधा गोव्याच्या अरेंजरकडे असायचं. श्रेयनामावलीत मात्र त्यांचं नाव क्वचितच यायचं. हा अन्यायच होता, आणि तो वर्षानुवर्षं चालला.

आता १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’ला बसा. भल्यामोठ्या अंड्यातून अमिताभ बाहेर येतो, शिट्ट्यांनी टॉकीज दणाणतं. त्या गाण्यातलं ‘अँथनी गोन्साल्वीस’ हे नाव म्हणजे चित्रपटाच्या संगीतकार जोडीतल्या प्यारेलालजींनी गुरूला केलेलं वंदन. आजूबाजूच्यांना ती गंमत वाटते आहे. तुम्ही मात्र त्या माणसाला ऑर्केस्ट्रापुढं उभं राहिलेलं पाहिलंय.

अँथनी त्याआधीच, १९६५ साली, अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले होते. परतल्यावर चित्रपटांकडे वळले नाहीत, माजोर्ड्यातच राहिले. १८ जानेवारी २०१२ला ते गेले.

यापुढं जुनं गाणं लावाल तेव्हा गायक-संगीतकारासोबत अरेंजर कोण होता, तेही शोधा. सापडलं तर घरातल्या पोरांना ते नाव आवर्जून सांगा.